खाल्ल्या मिठाला

पाषाण रस्त्याला, तिसऱ्या मजल्यावर
आमची खोली कायम अठरा अंशांवर असते.
थंडावा आमच्यासाठी नाही, मशीनसाठी.
मे महिन्यातही मी शाल घेऊन बसते
आणि लोकांच्या रक्ताची बेरीज करते.

रक्त येतं येरवड्याहून, बर्फाच्या डब्यात,
रिक्षाने, नाहीतर डॉक्टर खिंवसरांच्या मांडीवरून.
नावं तिकडेच राहतात.
माझ्याकडे पोचतो तो पी-एकशे सतरा:
वीस हजार जनुकं,
कोणतं किती बोलतंय, कोणतं गप्प.

त्याचं नाव मला कळायला नको होतं.
पण त्याची बायको जिन्यात भेटली.
म्हणाल्या, रक्त जातं कुठे ते बघायला आले.

रोहिदास दांगट, मेकॅनिक, कात्रज डेपो.
आश्विनात तीन रात्री झोपला नाही.
बिघडलेल्या बस होत्या चार,
त्याने अकरा उघडल्या.
उद्या बिघडणार त्या आजच दिसतात मला, म्हणाला.
नटबोल्ट फरशीवर मापाप्रमाणे मांडलेले,
आणि सकाळी सहाच्या स्वारगेटला गाडीच नाही.
मग मार्गशीर्षात उठेना.
आंघोळीचं पाणी तीनदा तापलं, तीनदा निवलं.

औषध जुनं आहे, स्वस्त आहे,
एक मीठच आहे ते, दगडात सापडतं.
काहींना तारतं.
काहींच्या अंगाला लागत नाही, आणि एवढं कळेपर्यंत
वर्ष-दोन वर्षं जातात, एखादी नोकरी,
कधी माणूसच.
म्हणून हा खटाटोप:
आधीच सांगता येईल का
कोणाचं रक्त खाल्ल्या मिठाला जागेल?

मॉडेल म्हणालं, बासष्ट टक्के.
"म्हणजे फर्स्ट क्लास," मंदाकिनीबाई म्हणाल्या,
"आमची पोरगी अठ्ठावन्नवर नर्सिंगला लागली."
मी म्हणाले, तसं नाही हो,
असे शंभर रोहिदास घेतले तर त्यातल्या बासष्ट जणांना—
"शंभर कुठले?
एकच आहे."

मी सांगितलं नाही
की हे मॉडेल ज्यांच्या रक्तावर शिकलं
ते बर्फ पडणाऱ्या गावांचे लोक.
त्यात धायरीचं कुणी नाही, वडगावचं नाही.
आमचे मिळून दोनशे तीस नमुने,
त्यातले एकोणीस एका गुरुवारी
लाइट गेली तेव्हा वितळले.
बासष्टच्या अलीकडे-पलीकडे अकरा धरायचे.

खिंवसरांना मात्र सांगितलं.
ते म्हणाले, तू आकडा दे, गोळी मी देतो,
आणि नजरही मीच ठेवतो.
दर आठवड्याला रक्त. पाणी भरपूर.
जेवणातलं मीठ तोडायचं नाही,
चतुर्थीलासुद्धा.

जुलैत मंदाकिनीबाईंचा फोन आला.
झोपतो. दहाला झोपतो, सहाला उठतो,
डब्यात काय आहे विचारतो.
हात कापतो.
दहाचा पाना धरता येत नाही.
डेपोत आता डिझेलच्या नोंदी लिहायला बसवलंय,
अक्षर घाटातल्या रस्त्यासारखं.
"जागला म्हणायचं का, ताई?"

माझ्या तक्त्यात 'प्रतिसाद' नावाचा रकाना आहे.
एक किंवा शून्य.
तिसरं काही टाकलं की प्रोग्राम अडतो.
बराच वेळ शाल नीट करत बसले.
मग एक टाकला,
आणि पुढे हॅशची खूण करून लिहिलं:
पाना धरता येत नाही.

हॅशच्या पुढचं मशीन वाचत नाही.

त्या संध्याकाळी बस उशिरा आली,
मागचं दार सुतळीने बांधलेलं.